घरचा फोन फायबरवर घेताना

मंडळाच्या मागच्या बैठकीनंतर चहा घेताना तिघा सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला. घरी जुना लँडलाइन फोन आहे, तार वरचेवर तुटते, कंपनीचा माणूस म्हणतो की आता फायबर घ्या, फोन इंटरनेटवरून चालेल. घ्यावा का? घ्यावा. मी स्वतः घेतला आहे. पण घेताना मी एक गोष्ट विचारली नाही आणि ती महागात पडली असती, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी जुना फोन कसा चालत होता ते पाहू. एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत तांब्याच्या तारेची जोडी येते. त्या तारेतून आवाज तर येतोच, शिवाय फोन चालवायला लागणारी वीजही येते. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असतात, त्यांचा दाब ४८ व्होल्ट. म्हणून गावात सगळीकडे अंधार असला तरी फोन चालू राहायचा. घंटी वाजताना तारेत याहून बराच जास्त दाब येतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला नेमका त्याच वेळी कुणाचा फोन आला तर झटका बसायचा आणि तो वरूनच आपल्या नावाने शंख करायचा.

आपल्या भागात फोन गावोगाव पोहोचला यात बेळगाव जिल्ह्याचा एक मान आहे, तो नव्या पिढीला सांगायला हवा. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. खेड्यातल्या धुळीत आणि उन्हात, वातानुकूलित खोलीशिवाय चालेल असे १२८ लाइनींचे छोटे एक्स्चेंज तिने बनवले आणि त्यातले पहिले १९८६ साली आपल्या कित्तूरला बसले. त्याआधी पलीकडे गडहिंग्लजला बहिणीशी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावे लागे. नंतर एसटीडी आली, पण तीही घड्याळाकडे बघत. रात्री दर उतरला की सीमाभागातल्या घराघरांतून पलीकडच्या माहेरी फोन सुरू होत. गाव डोळ्यांसमोर, पण राज्य वेगळे, म्हणून बिल लांबचे!

फायबरमध्ये तांबे नाही. काचेचा केसासारखा बारीक धागा असतो आणि त्यातून प्रकाश जातो. घरात एक पेटी बसवतात, तिला ओएनटी म्हणतात. बोलीत सगळे मोडेमच म्हणतात. ती प्रकाशाचे रूपांतर करून इंटरनेट देते आणि मागच्या बाजूला फोनची पिन बसेल असे एक छोटे भोक असते, त्यात आपला जुना फोन लागतो. आवाज स्पष्ट येतो, पावसात खरखर नाही. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या पावसात वीज कडाडली तरी फायबरवाटे ती घरात यायचा प्रश्न नाही.

पण हाच गुण दुसऱ्या बाजूने दोष ठरतो. काचेतून वीज येत नाही, म्हणजे फोनला लागणारी वीजही येत नाही. ती आता आपल्या घरच्या प्लगमधून घ्यायची. घरची लाईट गेली की पेटी बंद आणि पेटी बंद की फोन बंद.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. वाचले होते. पण आपल्या घराला लावून पाहिले नव्हते. फोन बदलून पंधरा दिवस झाले असतील. आम्ही दोघे लग्नाला बेळगावात गेलो होतो, घरी आई एकटी. तिचे वय शहाऐंशी. मोबाइल तिने कधी हातात धरला नाही, पण लँडलाइनवरून माझा नंबर ती तोंडपाठ फिरवते. संध्याकाळी पाऊस आला, लाईट गेली. तिला घाम सुटून गरगरायला लागले. साखर उतरली होती. तिने रिसीव्हर उचलला तर आत काहीच नाही, टूंऽऽ सुद्धा नाही. अंधारात चाचपडत ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच बसून राहिली. शेजारच्या वहिनी तासाभराने गाय बांधायला बाहेर आल्या तेव्हा त्यांना दिसली. त्यांनी साखरपाणी दिले, म्हणून निभावले. मी रात्री घरी आलो तेव्हा आई एवढेच म्हणाली, ‘‘तुझा नवा फोन मेलाय रे.’’

दुसऱ्याच दिवशी उपाय केला. घरी इन्व्हर्टर असेल तर पेटीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, काम झाले. नसेल तर मोडेमसाठी छोटा यूपीएस मिळतो तो घ्या. घेताना पेटीच्या अ‍ॅडॉप्टरवरचे बारीक अक्षर वाचा. माझ्याकडे १२ व्होल्ट, १ अँपिअर आहे, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. आमचा बँकेतला हिशेब इथेही चालतो: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर, भागिले १२, कागदावर सात तास. प्रत्यक्षात कमी धरा, बॅटरी जुनी झाली की आणखी कमी. तुमच्या अ‍ॅडॉप्टरवर २ अँपिअर असेल तर यूपीएसही तेवढा भार पेलणारा हवा. आणि कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या स्टँडलाही वीज लागते हे विसरू नका. वयस्कर माणसांसाठी तारेचा साधा फोनच बरा. त्याला लागणारी वीज पेटीच देते.

कंपनीलाही एक विचारा. एक्स्चेंजपासून घरापर्यंत वाटेत फायबरला वीज लागत नाही, पण ज्या ठिकाणाहून धागा निघतो तिथले यंत्र विजेवर चालते. खेडेगावात ते कधीकधी स्थानिक केबलवाल्याच्या दुकानात असते. तिथे बॅटरी किंवा जनरेटर नसेल तर तुमचा यूपीएस असून नसल्यासारखा.

आता नंबराविषयी. बीएसएनएलच्या तांब्याच्या लाइनवरून त्यांच्याच फायबरवर जाताना ०८३१ चा जुना नंबर ठेवता येतो, पण अर्जात तसे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. कंपनी बदलली तर नंबर जाईल. मोबाइलसारखी नंबर सोबत नेण्याची सोय आपल्याकडे लँडलाइनला नाही. तो नंबर बँक, विमा, पेन्शन कुठेकुठे दिलेला आहे त्याची यादी आधी करा. जुन्या डिपॉझिटची पावती शोधून ठेवा आणि ती रक्कम नव्या खात्यात वळते होणार की परत मिळणार ते विचारा. जाहिरातीतल्या मासिक आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

घरात दोन-तीन खोल्यांत फोन असतील तर जुनी आतली तार पेटीला जोडून ते चालवता येतात. मात्र बाहेरून येणारी तांब्याची तार आधी तोडून वेगळी करायला सांगा, नाहीतर पेटी बिघडते. बोट घालून फिरवायचा काळा फोन बहुतेक नव्या पेट्यांवर नंबर लावू शकत नाही, तो शोकेसमध्येच शोभतो. मोबाइलला लावताना आधी शून्य हवा, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहेच. काही ठिकाणी गावातल्या लँडलाइनलाही एसटीडी कोड लावावा लागतो, तेव्हा बसवणारा माणूस घरात असतानाच एक-दोन फोन लावून बघा. फायबरचा धागा कपाटामागे दुमडून ठेवू नका. पेटीवर लाल दिवा लागला तर बहुधा धागा तुटला किंवा मुरगळला असे समजा. तो दिवा बघूनच तक्रार करा, माणूस योग्य सामान घेऊन येतो.

आमच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी मी मेन स्विच बंद करतो. आई रिसीव्हर उचलून कानाला लावते, टूंऽऽ ऐकते, मग गडहिंग्लजला आक्काला फोन लावते. ‘‘लाईट नाही तरी बोलतेय बघ,’’ असे तिला सांगते, आणि मग त्यांचे बोलणे इतके लांबते की मेन स्विच परत लावायला मलाच उठावे लागते.