ऑपरेटरची सीट : कुशनवाल्या बांधवांसमोरचा दुर्लक्षित धंदा
नुसता फोम जाड केल्याने कंबर वाचत नाही. झटका गिळणारी सीट कशी असावी?

माझगाव म्हटले की गोदी डोळ्यांसमोर येते. १७७४ साली येथे एक लहानशी सुकी गोदी बांधली गेली. १९३४ मध्ये माझगाव डॉक ही खासगी कंपनी म्हणून नोंदली गेली आणि १९६० मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आसपास मुंबई बंदराच्या गोद्या, भाऊचा धक्का, दारूखान्यातील जहाजतोडणी आणि रे रोडची लोखंडाची गोदामे. या पट्ट्यात एके काळी हमालाच्या पाठीवरून जाणारे बरेचसे ओझे आज फोर्कलिफ्ट, हायड्रा, क्रेन आणि ट्रक उचलतात. हमालाची पाठ सुटली, पण ती यंत्रे चालवणाऱ्या ऑपरेटरची पाठ मात्र अडकली.

कोणत्याही जुन्या फोर्कलिफ्टची सीट पाहा. रेक्झिन फाटलेले, फोम दबून पापड झालेला, वर गोणपाटाची घडी किंवा घरून आणलेली उशी. या सीटवर माणूस रोज आठ-दहा तास बसतो. कंबर धरली की तो रजा घेतो, काम खोळंबते आणि मग मालक सीट दुरुस्तीला पाठवतो. ती येते आपल्याच कुशनवाल्याकडे. नागपाडा असो की कुर्ला, कुशन, वेल्डिंग आणि मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले असंख्य बांधव आहेत. हातात कसब आहे, गिऱ्हाईक दारात आहे. तरीही बहुतेक वेळा काम एवढ्यावरच संपते की जाड फोम घालायचा, नवे रेक्झिन चढवायचे, पायपिंग मारायचे. सीट नवी दिसते, पण दोन महिन्यांनी ऑपरेटरची तक्रार जशीच्या तशी राहते. असे का होते ते समजून घेतले, तर यातच एक चांगला धंदा दडलेला आहे असे आम्हाला वाटते.

कंबर का धरते?

यंत्र चालताना सीट सतत वर-खाली हलते. सेकंदाला किती वेळा हलते, त्या मोजमापाला हर्ट्झ म्हणतात. माणसाच्या बसलेल्या शरीराला स्वतःचा एक ताल आहे. सेकंदाला साधारण पाच हेलकावे बसले की पाठीचा कणा आणि पोटातील अवयव त्या तालावर स्वतःच नाचू लागतात आणि खालून आलेला धक्का शरीरात कमी होण्याऐवजी वाढतो. झोपाळ्याला योग्य वेळी हलका ढोस दिला की तो उंच जातो, तसाच हा प्रकार. १९९७ च्या आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकातही वर-खाली हेलकाव्यांसाठी साधारण ४ ते ८ हर्ट्झचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा धरला आहे.

युरोपने २००२ मध्ये याबाबत कायदेशीर मर्यादा ठरवल्या. आठ तासांच्या पाळीचा हिशोब करून हेलकाव्यांचा जोर ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेला, तर मालकाने उपाय सुरू केले पाहिजेत आणि १.१५ च्या वर तर कामगाराला जाऊच देता कामा नये. म्हणजे कंबरदुखी ही ऑपरेटरच्या वयाची किंवा नशिबाची गोष्ट नाही. ती मोजता येते आणि कमीही करता येते.

आता फोमचे पाहू. लोखंडी पत्र्यावर ठेवलेल्या साध्या फोमच्या गादीचा स्वतःचा ताल साधारण ४ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे नेमका जिथे शरीर नाजूक, तिथेच गादीही नाचते. अशी गादी त्या पट्ट्यातील हेलकावा जवळजवळ दुप्पटही करू शकते. म्हणूनच हाताला मऊ लागणारी गादी संध्याकाळपर्यंत कंबर मोडते. फोमचे काम वजन सारखे वाटून देण्याचे आणि बारीक थरथर मारण्याचे आहे. मोठा हेलकावा गिळणे हे त्याचे काम नव्हे. ते काम खालच्या स्प्रिंगचे आहे.

मोजपट्टीची परीक्षा

स्प्रिंग किती नरम आहे हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. कारागिराच्या खिशातील टेप पुरतो. रिकाम्या सीटची उंची मोजा, मग ऑपरेटरला बसवून पुन्हा मोजा. सीट १ सेंटिमीटर खचली तर तिचा ताल सुमारे ५ हर्ट्झ. ३ सेंटिमीटर खचली तर सुमारे ३. ६ सेंटिमीटर खचली तर सुमारे २. आणि ११ सेंटिमीटर खचली तर सुमारे दीड हर्ट्झ. भौतिकशास्त्राचा नियम असा की, सीट आपल्या तालाच्या साधारण १.४ पटीच्या वरचेच हेलकावे कमी करते. त्याखालचे ती तसेच पाठवते, किंवा वाढवते.

म्हणजे १ सेंटिमीटर खचणारी सीट ७ हर्ट्झच्या वरच उपयोगी. कंबरेचा जो धोक्याचा पट्टा, त्यातील मोठ्या भागात ती उलटे काम करते. ६ सेंटिमीटर खचणारी स्प्रिंगची सीट मात्र ३ हर्ट्झच्या आतच काम सुरू करते. हा हिशोब स्प्रिंगसाठी आहे. फोमला तो जसाच्या तसा लागत नाही, कारण हलताना फोम अधिक कडक वागतो आणि टेपवर दिसते त्यापेक्षा निकाल वाईटच येतो.

मग स्प्रिंग आणखी नरम करावी का? तसेही नाही. फार नरम स्प्रिंग मोठ्या खड्ड्यात खालपर्यंत आपटते आणि तो एक आपटा दिवसभराच्या हेलकाव्यांपेक्षा वाईट.

झटका गिळणारी सीट आतून कशी असते?

गादीखाली लोखंडी पट्ट्यांची कात्री असते. कात्री सीटला सरळ वर-खाली जाऊ देते, वाकडी होऊ देत नाही. कात्रीत स्प्रिंग असते किंवा हवेची पिशवी असते. सोबत एक छोटा शॉकअॅब्सॉर्बर असतो. तो नसेल तर सीट एका धक्क्यानंतर उड्या मारत राहते. तो फार कडक असेल तर स्प्रिंग असून नसल्यासारखी. वर आणि खाली रबरी बफर असतात, म्हणजे शेवटी लोखंडावर लोखंड आपटत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे वजनाची मूठ. ५५ किलोचा ऑपरेटर आणि ९५ किलोचा ऑपरेटर एकाच स्प्रिंगवर बसू शकत नाहीत. मूठ फिरवून स्प्रिंगचा ताण असा जुळवायचा की माणूस बसल्यावर सीट आपल्या पल्ल्याच्या मधोमध थांबावी. पुष्कळ ठिकाणी महागडी सीट बसवली जाते आणि ही मूठ पुढे कोणी फिरवतच नाही. पाळी बदलते, माणूस बदलतो, सीट मात्र पहिल्या माणसाच्या वजनावर राहते. मग जड माणूस तळाला टेकतो, हलका माणूस वर अडकतो आणि दोघेही म्हणतात की सीट निकामी. सीट देताना दोन मिनिटे खर्चून ऑपरेटरला ही मूठ शिकवणे हाही कामाचाच भाग समजावा.

यंत्र पाहून सीट

एकच सीट सर्व यंत्रांना चालत नाही. फोर्कलिफ्टला बहुधा भरीव टायर असतात आणि चाकांवर कमानी नसतात. गोदीतील रुळांचा प्रत्येक सांधा थेट बुडाला लागतो. पण डोक्यावर लोखंडी छत असल्याने जागा थोडी, म्हणून कमी उंचीची कात्री लागते. शिवाय फोर्कलिफ्ट अर्धा वेळ उलटी चालते. ऑपरेटर मान वळवून बसतो. थोडी फिरणारी सीट येथे वरदान ठरते.

ट्रकचे हेलकावे संथ आणि मोठे असतात. तेथे लांब पल्ल्याची, हवेची सीट चांगली, कारण एअर ब्रेकची हवा गाडीतच उपलब्ध असते. फोर्कलिफ्टमध्ये ती सोय बहुधा नसते. तेथे यांत्रिक स्प्रिंग किंवा बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरची सीट घ्यावी.

उंच क्रेनचा प्रश्न निराळा. तेथे हेलकावे कमी, पण ऑपरेटर दिवसभर खाली वाकून हूककडे पाहतो. त्याची मान आणि खांदे धरतात. त्याला मऊ गादीपेक्षा हाताला टेका आणि खाली स्पष्ट दिसेल अशी बैठक हवी.

पाठ किती कलावी?

सरळ ताठ बसणे म्हणजे योग्य बसणे, हा समज चुकीचा आहे. स्वीडनचे डॉक्टर नाकेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मणक्याच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजून दाखवले की, पाठ थोडी मागे कलली आणि कंबरेला आधार मिळाला की चकतीवरील दाब उतरतो. म्हणून सीटची पाठ कलणारी असावी. काम करताना साधारण १०० ते ११० अंश पुरेत. त्याहून मागे गेल्यास स्टिअरिंग गाठायला खांदे पुढे ओढावे लागतात आणि फायदा बुडतो. पूर्ण मागे कलवणे हे विश्रांतीसाठी, गाडी उभी असताना.

कंबरेचा उठाव पट्ट्याच्या उंचीवर यावा. गादीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटे जागा राहावी, नाहीतर पायांना मुंग्या येतात. परदेशी मापाच्या सीट आपल्या माणसाला अनेकदा लांब पडतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांवरील पुस्तक याच गरजेतून प्रसिद्ध केले. पण सर्वांत चांगले माप म्हणजे समोर उभा असलेला ऑपरेटर. शिंपी जसे माप घेतो तसे घ्या.

मुंबईची हवा विसरू नका. घामासाठी बसण्याच्या भागात छिद्रांचे रेक्झिन किंवा जाड कापड, खाऱ्या हवेसाठी कात्रीवर जस्ताचा थर आणि वेळेवर ग्रीस.

आपल्या हातात काय, काय नाही

येथे आम्ही कारागीर बांधवांना स्पष्ट सांगू इच्छितो. फोम, शिलाई, कंबरेचा उठाव, मापे, तयार कात्री बसवणे, तिची दुरुस्ती हे आपले काम आहे. पण काही जागा जिवाच्या आहेत.

पहिली, सीटचे बोल्ट. कंपनीने दिलेल्या जागा सोडून पत्र्याला वेल्डिंग मारून सीट बसवू नये. सीट आणि तिच्या पकडीसाठी एआयएस-०२३ हे भारतीय मानक आहे. दुसरी, पट्टा. कात्रीवर सीट हलू लागली की जमिनीला बांधलेला पट्टा कधी आवळतो, कधी सैल पडतो. म्हणून पट्ट्याची सोय सीटच्या उत्पादकाने सांगितली तशीच ठेवावी. तिसरी, फोर्कलिफ्टच्या सीटखालचा स्विच. माणूस उठला की यंत्र थांबवणारा हा स्विच गादी बदलताना तोडून सरळ तार जोडणारे आहेत. असे करणे म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळणे. चौथी, आग. आयएस १५०६१ या मानकानुसार वाहनाच्या आतील सामान मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. जेथे गॅस कटरच्या ठिणग्या उडतात तेथे स्वस्त फोम घालण्यापूर्वी विक्रेत्याकडून दाखला मागा. पाचवी, कलणाऱ्या पाठीचे कुलूप. ते दोन्ही बाजूंनी नीट बसलेच पाहिजे.

धंद्याचा हिशोब

नव्या गाड्यांच्या सीट मोठे कारखाने पुरवतात. होसूरच्या हरिता कंपनीने जर्मनीच्या ग्रामर कंपनीच्या साथीने हे काम केले आणि २०२१ मध्ये ती मिंडा समूहात विलीन झाली. त्यांच्याशी आपली स्पर्धा नाही. आपले गिऱ्हाईक म्हणजे गोदामात, बंदरात, वखारीत चालणारी जुनी यंत्रे. २०२३ च्या सरकारी अधिसूचनेने २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची केली आहे. चांगल्या केबिनमध्ये एकदा बसलेला ड्रायव्हर जुन्या ट्रकवर परतला की सीटबद्दल बोलणारच. त्याचे ऐकणारा मालक आज ना उद्या विचारत येईल.

मालकाला मऊपणा विकू नका, हिशोब विका. ऑपरेटरच्या किती रजा झाल्या, बदली माणसाला किती दिले, यंत्र किती दिवस उभे राहिले, हे आकडे त्याच्याच वहीत आहेत. आधी एकच सीट करून द्या. मोबाईलमध्ये हेलकावे टिपणारा सेन्सर असतो. त्याचा आकडा सरकारी दाखला म्हणून चालणार नाही, पण तोच फोन, तोच रस्ता, तोच माणूस ठेवून आधी आणि नंतर मोजले तर फरक मालकाला डोळ्यांनी दिसेल. सोबत पक्के बिल, फोमची घनता आणि सहा महिन्यांनी तपासणीची तारीख लिहून द्या. एका सीटच्या शिलाईचे पैसे एकदाच मिळतात. दहा यंत्रांच्या वार्षिक देखभालीचे काम वर्षभर दुकान चालवते.

कुशनवाला, वेल्डर आणि मोटार मेकॅनिक या तिघांची दुकाने अनेक गल्ल्यांत शेजारी शेजारी असतात. प्रत्येक जण आपला तुकडा करून सीट पुढे ढकलतो. तिघांनी मिळून एकच जबाबदारी घेतली, तर माझगावपासून न्हावाशेव्यापर्यंत काम कमी पडणार नाही. आणि सीटवर बसणारा ऑपरेटर हाही बहुधा आपल्याच वस्तीतला कष्टकरी आहे. त्याची पाठ शाबूत राहिली तर एका घरचा चुलाही पेटता राहील, हे लक्षात ठेवून सुई चालवावी.