वाळवीचा मार्ग आणि घराचे जोते

घरात वावरणारी झुरळे, मुंग्या आणि धान्यातील किडे माणसाच्या अन्नावर जगतात. वाळवी मात्र घराच्या चौकटी, कपाटे आणि कागदपत्रे यांवरच उपजीविका करते, आणि लाकूड आतून पोकळ होईपर्यंत तिचा सहसा पत्ता लागत नाही. महाराष्ट्रातील घरांना सर्वाधिक उपद्रव देणाऱ्या वाळवीची वसाहत जमिनीत असते, आणि घरात दिसतात ते अन्न नेण्यासाठी तेथून आलेले कामकरी कीटक होत. त्यांच्यावर रॉकेल ओतल्याने किंवा फवारा मारल्याने तेवढे कीटक मरतात, परंतु राणी, अंडी आणि वसाहतीचा मोठा भाग मातीखाली सुरक्षित राहतो. म्हणून माती, ओलावा आणि लाकूड यांचा परस्परसंबंध तोडणे हाच बचावाचा मूळ उपाय ठरतो.

वाळवी मुंगीसारखी दिसत असली तरी तिचे जवळचे नाते झुरळांशी आहे. तिचे अन्न म्हणजे सेल्युलोज, अर्थात वनस्पतींच्या पेशीभित्तिका ज्याच्या बनलेल्या असतात तो पदार्थ. काही जाती आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तो पचवतात, तर ओडोंटोटर्मिससारख्या जाती वारुळात बुरशीची जोपासना करून तिच्याकडून तो पचनयोग्य करून घेतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, आवडीने खाल्ली जाणारी अळंबी ही याच बुरशीची फळे होत. कामकरी वाळवीचे अंग मऊ असून कोरड्या हवेत लवकर सुकते, त्यामुळे ती उघड्यावर न फिरता माती, लाळ आणि विष्ठा यांपासून बनवलेल्या बंद नळ्यांतून प्रवास करते. भिंतीवर, जोत्यावर किंवा चौकटीच्या कडेने चढणारी मातीची अशी रेघ हा तिच्या वावराचा सर्वांत स्पष्ट पुरावा होय.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती जमणारे पंखधारी कीटक हे नव्या वसाहती स्थापन करण्यास निघालेले नर-मादी असतात. पंखवाल्या मुंगीची कंबर बारीक व पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात, तर वाळवीची कंबर जाड आणि चारही पंख जवळपास सारख्या लांबीचे असतात. बाहेरून उडत आलेले कीटक चिंतेचे कारण नसले, तरी ते घरातल्याच एखाद्या फटीतून बाहेर पडत असतील, तर वसाहत इमारतीच्या आत किंवा अगदी लगत असल्याचे समजावे. लाकडाखाली खसखशीसारखे टणक कण साचत असतील, तर मातीशी संबंध न ठेवता लाकडातच राहणाऱ्या कोरड्या लाकडाच्या वाळवीचा संशय घ्यावा. पिठासारखा बारीक भुसा मात्र बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा असतो. या दोन्ही प्रकारांत जमिनीवर औषध टाकून उपयोग होत नाही, लाकडावरच उपचार करावा लागतो.

घर बांधतानाच वाळवीचा मार्ग अडवणे सर्वांत सोपे असते. भारतीय मानक 6313 मध्ये बांधकामातील काळजी, बांधकामपूर्व रासायनिक उपचार आणि जुन्या इमारतींवरील उपचार असे तीन भाग आहेत. त्यानुसार जोत्याच्या भरावावर काँक्रीट घालण्यापूर्वी दर चौरस मीटरला 5 लिटर या प्रमाणात औषधी द्रावण द्यावयाचे असते, जेणेकरून जमीन व इमारत यांच्यामध्ये सलग विषारी थर तयार होतो. तयार घरात भिंत व फरशी यांच्या सांध्यालगत सुमारे 30 सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून त्यांतून द्रावण सोडतात. पूर्वी यासाठी वापरली जाणारी आल्ड्रिन, क्लोरडेन यांसारखी रसायने निसर्गात दीर्घकाळ टिकत असल्यामुळे 2001 च्या स्टॉकहोम कराराच्या कक्षेत आली. सध्याच्या औषधांपैकी इमिडाक्लोप्रिडसारख्या काहींचा वाळवीला सुगावा लागत नाही. त्यामुळे ती मार्ग न बदलता औषधाच्या थरातून जाते आणि ते वसाहतीतील इतरांपर्यंत पोचवते. अशी औषधे विहिरीजवळ वापरण्यापूर्वी विशेष दक्षता आवश्यक असते, आणि हे काम 1968 च्या कीटकनाशक अधिनियमाखालील परवाना असणाऱ्या व्यावसायिकाकडूनच करून घ्यावे.

औषधाचा प्रभाव काळानुसार ओसरतो आणि नवी पाइपलाइन टाकताना किंवा फरशी उखडताना त्याचा थर खंडित होतो. म्हणून रोजच्या सवयींना महत्त्व येते. गळका नळ, स्नानगृहाच्या भिंतीतली ओल आणि पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचणे ही कारणे आधी दूर करावीत. सरपणाचा किंवा फळ्यांचा ढीग भिंतीला टेकवून रचू नये, कपाटे भिंतीपासून थोडी पुढे ठेवावीत आणि जुन्या वह्या-पुस्तकांचे गठ्ठे जमिनीवर ठेवू नयेत. सागाचा गाभा त्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवीला फारशी दाद देत नाही, परंतु गाभ्याभोवतीच्या फिकट लाकडाला ते संरक्षण नसते. त्यामुळे लाकूड निवडताना केवळ सागवान असल्याची खात्री पुरेशी नसून फिकट भाग वगळला आहे की नाही हेही पाहणे इष्ट ठरते. कोठेही मातीची नळी आढळल्यास ती लगेच पुसून टाकू नये, कारण ती जमिनीतून कोणत्या फटीने वर आली हे शोधल्यावरच उपचार कोठे करावा ते ठरवता येते.