रंग प्रवाळाचा, मेहनत शेवाळाची

घरच्या टाकीत प्रवाळ रंगीत कसा ठेवायचा, हा हौशी माणसाचा प्रश्न. पण भडक रंग म्हणजे ठणठणीत तब्येत असं नसतं, आणि कोल्हापूरकरांच्या हक्काचा प्रवाळ तर घाटाखाली, मालवणच्या खडकांवर आहे.

कोल्हापूरकराला प्रवाळ ठाऊक असतो तो गुजरीतला. मंगळासाठी अंगठीत बसवलेलं लाल पोवळं, नाहीतर सरात ओवलेले मणी. अस्सल लाल पोवळं बहुधा भूमध्य समुद्रातल्या प्रवाळाचा घासून चकचकीत केलेला सांगाडा असतो. त्यातला जीव कधीच गेलेला. जिवंत प्रवाळ दिसतो तो मोबाइलवर. निळ्या दिव्याखाली झगमगणारी टाकी, तिच्यात पोपटी, जांभळे, गुलाबी झुबके आणि त्यांतून सुळकन जाणारा ‘नेमो’. गप्पी, एंजल, फ्लॉवरहॉर्न पाळून झालेल्या माणसाला मग मरीन टँक खुणावू लागतो आणि पहिला प्रश्न पडतो, की हे रंग टिकवायचे कसे? उत्तर शोधायला बसलं की त्यात जीवशास्त्र येतं, रसायनशास्त्र येतं आणि शेवटी कायदाही येतो.

तपकिरी वाटेकरी

प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिशच्या गोतावळ्यातला. दगडासारखी दिसणारी त्याची वसाहत शेकडो-हजारो इवल्या जिवांची असते. या एकेका जिवाला पॉलिप म्हणतात. बहुतेक जातींचे पॉलिप दिवसा आपल्या चुनखडीच्या वाटीत आक्रसून बसतात. टाकीतले दिवे मालवून तासाभरानं मंद लाल उजेडात पाहिलं, तर तोच खडबडीत दगड लवदार झालेला दिसतो. प्रत्येक वाटीतून पारदर्शक शुंडकांचं कडं बाहेर आलेलं असतं. पाण्यात बारीक खाद्य सोडावं, की एखादा कण शुंडकाला चिकटतो, शुंडक वाकतं आणि घास मधल्या तोंडाकडे सरकवतं.

या शिकारीवर मात्र प्रवाळाचं पोट भरत नाही. त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं. एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्याच्या दहा लाखांहून अधिक पेशी असू शकतात. वाट्यानं शेत करणाऱ्या कुळासारखा हा व्यवहार आहे. शेवाळ उन्हावर अन्न पिकवतं आणि त्यातला मोठा हिस्सा मालकाला देतं. काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज यातून भागते. मालक बदल्यात जागा, कार्बन डायऑक्साइड आणि नत्र-फॉस्फरसचं खत पुरवतो. या वाटेकऱ्याचा रंग सोनेरी तपकिरी असतो. त्यामुळे निसर्गातले कितीतरी धडधाकट प्रवाळ तपकिरी, मोहरी किंवा मातकटच दिसतात.

मग पोपटी आणि जांभळा कुठून येतो? ते रंग प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे. १९९९ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी मॉस्कोतल्या ॲक्वेरिअममधल्या प्रवाळवर्गीय जिवांतून अशी चमकणारी प्रथिनं शोधून काढली. त्यातलं लाल प्रथिन ‘डीएसरेड’ नावानं जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलं. पेशींतल्या घडामोडी रंगवून दाखवण्याच्या ज्या तंत्रासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या तंत्राचा रंगपट वाढवण्यात या टाकीतल्या जिवाचा हात आहे. प्रवाळाला मात्र ही प्रथिनं उन्हापासून आडोसा म्हणून लागतात. उथळ पाण्यात प्रखर उजेड पडला की काही जाती ती भरपूर तयार करतात. यांतली बरीच प्रथिनं निळा उजेड शोषून हिरवा किंवा लाल उजेड बाहेर टाकतात. टाकीवर निळे दिवे लावले की प्रवाळ एवढा उठून दिसतो, तो यामुळेच.

रंग काय सांगतो

हे समजलं की रंग वाचता येतो. टाकीतला जांभळा प्रवाळ हळूहळू तपकिरी पडला, तर बहुधा उजेड कमी झालेला असतो किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलेलं असतं. खत जास्त झालं, वाटेकरी वाढले आणि मालकाचा रंग झाकला गेला. प्रवाळ मरत नाही, पण हौशी माणसाचा जीव खालीवर होतो.

प्रवाळ पांढरा पडला तर मात्र प्रकरण गंभीर. पाणी तापलं आणि वर ऊनही कडक असलं, की शेवाळातलं प्रकाशसंश्लेषण बिघडतं आणि घातक ऑक्सिजन रसायनं तयार होतात. शेवटी प्रवाळ वाटेकऱ्यालाच बाहेर काढतो. उघड्या पडलेल्या कातडीखालून पांढरा सांगाडा दिसू लागतो. हेच ब्लीचिंग. त्या भागातल्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी फक्त एका अंशानं वर गेलं आणि महिनाभर तसंच राहिलं, तरी त्याची सुरुवात होऊ शकते. पांढरा प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परततं, नाहीतर उपासमार.

सर्वांत फसवा रंग भडकपणाचा. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं, की सौम्य ताण पडलेले काही प्रवाळ पांढरे पडण्याऐवजी निऑनसारखे चमकू लागतात. शेवाळ गेल्यावर पांढऱ्या सांगाड्यावरून उजेड परावर्तित होतो, पेशींत निळा प्रकाश वाढतो आणि रंगीत प्रथिनांचं उत्पादन जोर धरतं. त्या आडोशाखाली शेवाळाला परत बस्तान बसवणं सोपं जातं. याच गटाच्या २०१३च्या संशोधनात दुसरी गोष्ट कळली होती. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य असेल, तर उष्णता आणि प्रखर उजेड यांपुढे प्रवाळ लवकर हार खातो. पाणी ‘अगदी स्वच्छ’ करण्याच्या नादात फॉस्फेट पार पुसून काढणाऱ्यांसाठी हा इशाराच होता.

पंचगंगेकाठी खारं पाणी

समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर समुद्र उभा करायचा तर सुरुवात नळाचं पाणी बाजूला ठेवण्यापासून होते. त्यातलं क्लोरीन आणि पाइपांतून येऊ शकणारं तांबं पृष्ठवंश नसलेल्या जिवांना मारक असतं. म्हणून आरओ पाण्यात सागरी मीठ विरघळवून क्षारता हजारी ३५वर आणतात. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १३०० आणि पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस, हे साधारण गणित.

कोल्हापुरात खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. पारा चाळिशीकडे निघाला की पंप आणि दिव्यांची उष्णता धरून टाकी सहज तिशी ओलांडते. चिलर महाग, म्हणून बरेच जण पाण्यावर पंखा सोडतात. कोरड्या हवेत त्यानं दोन-तीन अंश उतरतात, पण पाणीही झपाट्यानं उडतं आणि मीठ मागे राहतं. ३०० लिटरच्या टाकीतून सहा लिटर पाणी उडालं तर क्षारता ३५वरून ३५.७वर जाते. ही भर गोड आरओ पाण्यानं करायची. खारं पाणी ओतलं तर मीठ चढतच राहतं. जूनमध्ये पाऊस लागला की हवा दमट होते आणि तोच पंखा निकामी ठरतो. त्यात वीज गेली तर पाण्याचा प्रवाह थांबतो आणि प्राणवायू घटतो, म्हणून निदान एक पंप इन्व्हर्टरवर हवाच.

रोजचं काम मात्र अल्कलिनिटीचं, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटच्या साठ्याचं. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात उचलतो. लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं, की अल्कलिनिटी २.८ अंश केएचनं उतरते. ती मोजायचा साधा किट असा असतो, की नळकांडीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, थेंब मोजत टाकायचे, पाणी निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. एका थेंबाला एक अंश. आठ थेंब लागले तर ठीक. काल आठ आणि आज अकरा, तर काहीतरी घाईनं ओतलं गेलंय. आकडा सात असो की नऊ, प्रवाळाला तो स्थिर लागतो. ही झीज भरून काढायला १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी युरोपात रुळवलेला उपाय म्हणजे चक्क चुन्याची निवळी. शुद्ध चुना पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन, वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. तिचा सामू बारापेक्षा जास्त असतो, त्यामुळे एकदम ओतली तर टाकी गेलीच.

शेतातला प्रवाळ आणि कायदा

फिजी, सॉलोमन बेटं, इंडोनेशिया इथं समुद्रातच प्रवाळाची शेती होते. मातृवसाहतीचा बोटाएवढा तुकडा तोडून तो सिमेंटच्या गोटीवर चिकटवतात आणि उथळ पाण्यातल्या मांडवांवर महिनोन्‌महिने वाढवतात. परदेशी दुकानांतला ‘मॅरिकल्चर’ प्रवाळ तो हाच. उघड्या उन्हातून तो पिशवीबंद प्रवास करून मंद दिव्यांखाली येतो, म्हणून सुरुवातीला तपकिरी पडतो. अंगावर चपटे कृमीही आणतो. त्याला औषधी पाण्यात बुडवून, वेगळ्या टाकीत ठेवून, उजेड हळूहळू वाढवत रुळवावं लागतं.

आपल्याकडे मात्र ‘हा शेतीतला आहे हो’ या वाक्यावर विसंबून चालत नाही. कठीण प्रवाळाच्या सगळ्या जाती, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. अनुसूचीत जंगली आणि जोपासलेला असा भेद केलेला नाही. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. वास्तुदोषावर उपाय म्हणून फ्रेम करून विकलं जाणारं ‘इंद्रजाल’ही बहुधा काळा प्रवाळ किंवा समुद्रपंखाच असतो, हेही लक्षात ठेवावं. या कायद्याचं वजन मुंबईत दिसलं. २०२० मध्ये सागरी किनारा मार्गाच्या आड हाजी अली आणि वरळीच्या १८ छोट्या वसाहती आल्या, तेव्हा वन विभागाची परवानगी घेऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकडून त्या हलवाव्या लागल्या.

म्हणून इथल्या हौशी माणसानं मरीन टँक करावा तो माशांचा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र केव्हाच बसवलं आहे. हॅचरीत जन्मलेला ‘नेमो’ समुद्रातून उचललेल्या माशापेक्षा टाकीला अधिक सरावलेला असतो.

घाटाखालची टाकी

प्रवाळच पाहायचा तर घाट उतरावा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर तो जिवंत आहे आणि १९८७ पासून तिथं २९ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य आहे. पोराइटीस, फॅविटीस, टर्बिनेरिया अशा गाळ सोसणाऱ्या जाती इथं टिकून आहेत. तारकर्लीला डुबकी मारून आलेले पर्यटक ‘काही रंगच नव्हते’ म्हणून हिरमुसतात. पण ती मातकट छटा म्हणजे वाटेकरी कामावर असल्याची खूण. चिंता करावी ती पांढऱ्या डागांची.

टाकीत शिकलेले सगळे धडे इथं लागू पडतात. सांडपाण्यातून येणारं नत्र आणि फॉस्फरस, पावसाळ्यात ओढ्यांतून येणारा गाळ, तापणारं पाणी, सगळं तेच. फरक एवढाच की इथं पाणी बदलता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये जगातलं चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं आणि त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. मालवणात २०१०नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानं चाललेल्या प्रकल्पात तुतिकोरिनच्या सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्थेनं काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळाचे तुकडे रुजवले. फिजीच्या मांडवावरचं तंत्रच इथं समुद्राचं समुद्राला परत देण्यासाठी वापरलं गेलं. दुसरीकडे, स्कूबा पर्यटनात इथल्या प्रवाळाला इजा होते, हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलं आहे.

तेव्हा पुढच्या सुट्टीत मालवणला पाण्यात उतराल, तेव्हा प्रवाळावर पाय टेकू नका, फोटोसाठी हात लावू नका आणि गाइडनं तुकडा तोडून हातात दिला तर ठाम नाही म्हणा. नांगर खडकावर टाकणाऱ्या होडीवाल्याला दुसरी जागा सुचवा. पांढरा पडलेला प्रवाळ दिसला तर तारीख, जागा आणि छायाचित्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे पोहोचवा. एका अंशानं काय होतं हे ज्याला टाकीपायी पाठ झालंय, त्याच्या डोळ्यांचा समुद्राला याहून चांगला उपयोग नाही.