गाडीलाही ताप येतो!

बालमित्रांनो, घरात कुणाला कणकण वाटली की आई काय करते? आधी कपाळाला हात लावते. कपाळ गरम लागलं की थर्मामीटर काढते. ९९ असेल तर ‘आज खेळायला जाऊ नकोस’ एवढंच म्हणते. १०३ असेल तर मात्र लगेच डॉक्टरांकडे! म्हणजे नुसतं ‘अंग तापलंय’ कळून भागत नाही, किती तापलंय ते कळावं लागतं.

मोटारगाडीचंही असंच असतं, बरं का! गाडीच्या पोटात एक लाल रंगाचं तेल असतं. गाडीवर भार वाढला की ते तेल तापतं. हा ताप वेळेवर मोजला नाही, तर भर रस्त्यात गाडी जागची हलत नाही. हे संकट कुणावर येतं आणि ते कसं टाळतात, ते आज पाहू.

चाकांवरचं घर

अमेरिकेत उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागली की खूप कुटुंबं गाडीनेच प्रवासाला निघतात. पुष्कळांच्या गाडीमागे एक ट्रेलर जोडलेला असतो. कुणाच्या ट्रेलरवर होडी असते, कुणाच्या ट्रेलरमध्ये घोडे असतात. कुणाचा ट्रेलर म्हणजे चक्क छोटंसं घर असतं. त्यात पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर सगळं काही! त्याला कॅराव्हॅन किंवा ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. तो ओढायला एसयूव्ही, म्हणजे उंच, दणकट गाडी लागते.

आता विचार करा. गाडीचं वजन २ टन आणि मागच्या ट्रेलरचं वजनही २ टन. म्हणजे एका बैलाने दोन गाड्यांचं ओझं ओढण्यासारखं झालं! सपाट रस्त्यावर हे जमून जातं. खरी परीक्षा असते ती घाटात, आणि तीही वाळवंटातल्या कडक उन्हात.

समोरासमोर दोन पंखे

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेला ट्रान्समिशन म्हणतात. आपण तिला सरळ गिअरबॉक्स म्हणतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हर पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर बदलतो. अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. त्यांत क्लचचं पेडलच नसतं, गाडी आपले गिअर आपणच बदलते.

पण मग इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडतं कोण? तेल!

कल्पना करा, दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आहेत. त्यातला एकच चालू केला. त्याचा वारा दुसऱ्याच्या पात्यांवर आदळला की बंद असलेला पंखाही हळूहळू फिरू लागतो. दोघांचा एकमेकांना स्पर्शही नाही! ऑटोमॅटिक गाडीत असेच दोन ‘पंखे’ एका बंद डब्यात समोरासमोर बसवलेले असतात. वाऱ्याऐवजी तिथे तेल असतं. इंजिन पहिला पंखा फिरवतं, तो तेल जोराने भिरकावतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने दुसरा पंखा फिरतो. दोघांच्या मधे आणखी एक लहान चाक असतं. ते तेलाला योग्य दिशेला वळवून गाडी निघताना जोर वाढवतं. या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

गंमत म्हणजे ही युक्ती मुळात मोटारीसाठी नव्हतीच. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली जहाजांसाठी तिचं पेटंट घेतलं. जहाजाचं वाफेवर चालणारं टर्बाइन फार वेगाने फिरे, पंखा मात्र सावकाश फिरायला हवा असे. त्या दोघांचा मेळ घालायला त्याने मधे द्रव आणला. पुढे मोटारवाल्यांनी ती कल्पना उचलली.

या तेलाची आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत असत. त्यामुळे गिअर मऊपणे बदलत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशांना संरक्षण देणारे कायदे आले आणि हे तेल बंद झालं. मग रसायनतज्ज्ञांनी त्याला पर्याय शोधून काढले.

तापतं का आणि किती?

दुसरा पंखा पहिल्याएवढ्याच वेगाने कधीच फिरत नाही, थोडा मागे राहतो. मधलं तेल घुसळलं जातं. घुसळण्यात गेलेली ताकद वाया जाते, म्हणजेच तिची उष्णता होते. तळहातावर तळहात जोरात घासून पाहा, लगेच कळेल!

मोकळ्या रस्त्यावर एकसारखा वेग असला की एक क्लच दोन्ही पंख्यांना एकत्र पकडून ठेवतो. मग घुसळण थांबते. पण चढावर भार वाढला की ही पकड सुटते आणि घुसळण पुन्हा सुरू होते.

आता थोडं गणित करू. गाडी आणि ट्रेलर मिळून ४००० किलो. चढ ९०० मीटर उंचीचा. वेळ १७ मिनिटं. एवढं वजन नुसतं वर न्यायलाच सुमारे ३४ किलोवॅट ताकद सतत लागते. समजा, त्यातला फक्त दहावा भाग तेलात उष्णता होऊन उतरला, तर ती झाली ३.४ किलोवॅट. घरातला पाणी तापवायचा गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. म्हणजे दीड गिझरपेक्षाही जास्त उष्णता त्या आठ-दहा लिटर तेलात सतत ओतली जाते!

ती बाहेर काढायला सोय असते. तेल एका नळीतून रेडिएटरकडे जातं, तिथे थंड होऊन परत येतं. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना बहुधा पुढच्या बाजूला आणखी एक छोटा कूलर बसवतात. पण बाहेरची हवाच तापलेली असली की कूलर तरी किती पुरणार?

आकडे काय सांगतात?

रोजच्या चालण्यात हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस असतं. एवढा ‘ताप’ त्याला मानवतो. त्यापुढे मात्र तेल लवकर म्हातारं होतं. मेकॅनिक मंडळींचा एक ढोबळ हिशेब आहे: ८० अंशांच्या पुढे दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ९१ अंशांना निम्मं, १०२ ला पाव, ११३ ला आठवा हिस्सा आणि १२४ ला सोळावा! आजची नवी तेलं याहून जास्त तग धरतात. म्हणून शेवटचा शब्द गाडीच्या माहितीपुस्तकाचा.

१२० अंशांच्या आसपास काळजी सुरू होते. १५० अंशांपर्यंत गेलं तर रबराची सीलं कडक होतात, तेल गळू लागतं, आतल्या क्लच प्लेटा घसरतात आणि जळतात. लालभडक तेल तपकिरी होतं, त्याला करपल्याचा वास येतो. मग दुरुस्तीचा खर्च एवढा येतो, की सुट्टीचं सगळं बजेट त्यात जावं! आणि ओसाड रस्त्यावर, भर उन्हात मुलाबाळांसह गाडी बंद पडणं तर त्याहून वाईट.

दिवा उशिरा लागतो

तुम्ही म्हणाल, “सर, डॅशबोर्डवर काटा असतो की!” असतो. पण तो बहुधा इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवतो, या तेलाचं नाही. इंजिनाचा काटा मधोमध शांत उभा असतो आणि तिकडे गिअरबॉक्स तापत असतो, असं होऊ शकतं. लाल दिवा असला, तरी तो तेल खूप तापल्यावरच लागतो. म्हणून ट्रेलर ओढणारे जाणकार लोक दिव्याची वाट पाहत नाहीत, आकडा पाहतात.

हा आकडा येतो कुठून? तेलात एक छोटा सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. त्यावरून गाडीतला संगणक अंश काढतो. काही गाड्यांत हा आकडा डॅशबोर्डवरच पाहता येतो. नसेल तर दुसरी सोय आहे. १९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला एक ठरावीक सॉकेट द्यावंच लागतं. त्यात छोटं यंत्र बसवलं की बऱ्याच गाड्यांत तेलाचं तापमान वाचता येतं.

एक मात्र ध्यानात ठेवायचं. काखेतला ताप आणि तोंडातला ताप यांत जसा थोडा फरक येतो, तसंच इथेही आहे. टॉर्क कन्व्हर्टरमधून नुकतं बाहेर पडलेलं तेल सर्वांत गरम असतं. खालच्या टाकीतलं तेल त्यापेक्षा थंड असतं. म्हणून सेन्सर कुठे बसवलाय ते माहीत हवं.

गाड्यांची बोर्डाची परीक्षा

अमेरिकेतल्या अॅरिझोना आणि नेवाडा राज्यांच्या सीमेवर कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे. तिथून अॅरिझोनातल्या डोंगरात एक रस्ता चढत जातो. लांबी सुमारे १८ किलोमीटर, चढ सुमारे ९०० मीटर. आपलं मघाचं गणित याच रस्त्याचं होतं! उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांच्याही वर जातो.

पूर्वी प्रत्येक कंपनी ‘आमची गाडी इतकं वजन ओढते’ असा आकडा आपल्या पद्धतीने सांगायची. २००८ साली इंजिनिअरांच्या एका संस्थेने सर्वांसाठी एकच परीक्षा ठरवली. या चढावर, निदान ३८ अंशांच्या उन्हात, आतला एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसह चढायचं. साध्या गाड्यांनी वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येऊ द्यायचा नाही आणि धोक्याचा दिवाही लागता कामा नये. टोयोटाने २०११च्या गाड्यांपासून ही परीक्षा आधी स्वीकारली, मग इतर कंपन्याही आल्या.

आकडा चढला तर?

शहाणा ड्रायव्हर आधी वेग कमी करतो. मग खालचा गिअर घेतो. ‘टो’ किंवा ‘हॉल’ लिहिलेलं बटण असेल तर ते चढ सुरू होण्याआधीच दाबतो. त्यामुळे गिअर सारखा वर-खाली होत नाही. तरीही आकडा चढत राहिला, तर सुरक्षित जागी थांबतो, हँडब्रेक लावतो, गिअर पार्कवर टाकतो आणि इंजिन चालूच ठेवतो. का बरं? कारण तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की पंप बंद आणि गरम तेल जागीच अडकतं. मात्र धूर दिसला किंवा तेल गळताना दिसलं, तर इंजिन बंद करून सगळ्यांनी गाडीपासून दूर जायचं.

आणि मुळात माहितीपुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वजन जोडायचंच नाही.

आपल्या घाटात

आपल्याकडे घर ओढत नेणाऱ्या गाड्या क्वचितच दिसतात. पण घाट आहेत आणि घाटातली वाहनांची रांगही आहे! चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की करपट वास येतो. ती तापलेली क्लच प्लेट असते. आता आपल्याकडेही ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आहेत. तेव्हा पालकांना विनंती, की लांबच्या प्रवासाआधी माहितीपुस्तकातलं गिअर ऑइलचं आणि तापमानाच्या सूचनांचं पान एकदा मुलांसोबत वाचा. मुलांनो, तुम्ही पुढच्या सीटमागून ड्रायव्हरला हाका मारू नका, पण डॅशबोर्डवरचे दिवे कशाचे ते ओळखायला जरूर शिका.

डोकं चालवा!

अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. त्यातून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा, की सेल्सिअस मिळतं. एका गाडीचं तेल २०३ वर आहे, दुसरीचं २४८ वर. कोणत्या ड्रायव्हरने निश्चिंत राहावं आणि कोणी वेग कमी करावा?

(उत्तर: पहिलं ९५ अंश, ठीक आहे. दुसरं १२० अंश, त्याने वेग कमी करावा.)