लाकडी वाडगा दोन दिवसांत शिकाल, पण धंदा वाळवणीत आहे

व्हिडिओत तुम्ही पाहिलंत, लेथवर ओंडका फिरतोय, ढलप्या उडताहेत आणि बघता बघता त्यातून वाडगा बाहेर येतोय. ते पाहून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, लेथ कितीला मिळतो?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. लेथ आत्ता नको. आधी वर्कशॉप करा, आणि त्याच्याही आधी हे वाचा.

हे काम आपल्याला परकं नाही. लाकूड फिरवून त्याला आकार देण्याला मराठीत 'कातणं' म्हणतात आणि ते करणारा तो कातारी. कुंकवाचा करंडा, पलंगाचे खूर, पाळण्यावरची खेळणी, घरातलं लाटणं, सगळं कातकामच. आपण 'कातीव चेहरा' म्हणतो तो शब्दही इथलाच. सावंतवाडीची चितारआळी तर लाकडी खेळणी आणि हुबेहूब फळांसाठी प्रसिद्ध आहे. कधी कोकणात गेलात तर तिथल्या दुकानात अर्धा तास नुसते उभे राहा. कोणती वस्तू गिऱ्हाईक हातात घेतं आणि कोणती ठेवून देतं, ते बघा. हे शिक्षण फुकट आहे.

आता वर्कशॉपबद्दल. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराच. एका लेथवर किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर तुम्ही बहुतेक वेळ दुसऱ्याचं काम बघत बसाल. पटाशीला धार लावायला शिकवतात का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण घरी गेल्यावर तुम्ही अडता ते इथेच. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ओरबाडतं. मग तुम्ही जोर लावता, हत्यार अडकतं आणि वाडगा हातातून उडतो. तिसरा प्रश्न, लाकूड ओलं देणार की वाळलेलं? ओल्या लाकडावर पहिला वाडगा छान निघतो, फोटोही छान येतो, आणि पंधरा दिवसांनी घरी कपाटात तो तडकतो.

इथे जरा थांबूया, कारण सगळा धंदा या तडकण्यावर आहे.

लाकूड वाळताना आकसतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणून गोल कातलेला वाडगा वाळल्यावर लांबट होतो, आणि गाभा आत राहिला असेल तर हमखास फुटतो. यावर कातारी काय करतात? दोनदा कातायचं. ओलं असताना जाड ठेवायचं, व्यासाच्या साधारण दहावा भाग, म्हणजे 10 इंची वाडग्याची भिंत 1 इंच. मग लाकडाचे रेषे जिथे आडवे कापले गेलेत तिथे मेण लावायचं, कागदी पिशवीत त्याच्याच ढलप्यांत पुरायचं आणि सावलीत ठेवायचं. बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. याला काही महिने लागतात. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो घाईने वाळून तडकतो, पावसाळ्यात सावकाश वाळतो पण बुरशी धरते. वाळल्यावर पुन्हा लेथवर चढवायचा आणि खरा आकार तेव्हा काढायचा.

म्हणजे आज काम सुरू केलंत तर विकायला माल काही महिन्यांनी. तोवर घर कशावर चालणार, हे ठरवूनच नोकरीला हात लावा.

लाकूड कुठून आणायचं? भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चिरलेलं सागवान मिळेल, पण वाडग्याला जाड ओंडका लागतो. त्यासाठी सरपणाच्या वखारी बघा. आंबा, बाभूळ, सुबाभूळ चालतं. रस्त्याकडेचा रेन ट्री माझा आवडता. हवाई बेटांवर याच झाडाच्या लाकडाचे वाडगे प्रसिद्ध आहेत, आणि हे लाकूड आकसतं कमी, म्हणून नवशिक्याला बरं. पण वादळात पडलेलं झाड दिसलं म्हणून टेम्पो लावू नका. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि रस्त्यावरचं लाकूड कुणाचंच नसतं असं नाही. पावती घेऊनच माल उचला.

हडपसरकरांना एक फायदा आहे. इंडस्ट्रियल इस्टेट आणि रामटेकडीच्या बाजूला दिवसभर मशिनचा आवाज चालू असतो, तिथे तुमच्या लेथबद्दल कुणी तक्रार करणार नाही. सोसायटीच्या बाल्कनीत मात्र दोन दिवसांत नोटीस येईल. लोखंडाचा लेथ चालवणारे तिथे भरपूर आहेत. त्यांचं हत्यार मशिनला घट्ट बसवलेलं असतं, आपलं हातात असतं, त्यामुळे कातायला त्यांच्याकडे शिकू नका. पण फेसप्लेट, हत्यार टेकवायची पट्टी, असले सुटे भाग ते झकास करून देतात.

वेग किती ठेवायचा? इंचातला व्यास गुणिले फेरे हा आकडा 6000 ते 9000 मध्ये ठेवा. 10 इंचाला मिनिटाला 600 ते 900 फेरे. ओबडधोबड ओंडका असेल तर त्याहूनही कमी. तोंडावर पूर्ण फेसशील्ड हवं. हातमोजे, ओढणी, लोंबती बाही, मोकळे केस, यातलं काहीही लेथजवळ नको. भुशासाठी चांगला मास्क लावा, लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केलंय.

आता पैशाचं बोलू. सहारनपूरचा आंब्याच्या लाकडाचा वाडगा ऑनलाइन काही शे रुपयांत येतो. त्याच्याशी भावात भांडायला जाऊ नका, हराल. अमेरिकेत जेम्स प्रेस्टिनी यांचे कातीव वाडगे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. कोशिंबिरीसाठी नव्हे, आकारासाठी. तुम्हालाही आकारच विकायचाय: सालीची कड तशीच ठेवलेला, बाहेरून कोरलेला, कुणाच्या अंगणातल्या पडलेल्या आंब्याचा.

समजा 10 इंची एक नग. लाकूड 300 रुपये. ओली कातणी 1 तास, दुसरी कातणी, कोरणं, पॉलिश पेपर आणि तेल मिळून 6 तास. तासाला 200 धरले तर मजुरी 1400. पेपर-तेल 150, भाडं-वीज 200. झाले 2050. पाचातला एक वाळताना फुटला तर त्याचं लाकूड आणि पहिला तास मिळून 500 गेले, ते उरलेल्या चौघांवर 125 प्रमाणे. एकूण 2175. दुकानदार 40 टक्के कापत असेल तर 3625 ला विकूनही तुम्हाला नफा शून्य. 4000 ला विकला तर हातात 225. स्वतः प्रदर्शनात विकलात तर चित्र वेगळं, पण तेव्हा स्टॉलचं भाडं आणि तुमचे दोन दिवस धरा.

शेवटी तेल. जेवणाच्या भांड्याला हार्डवेअरच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' जवस तेल लावू नका, त्यात सुकवणारी धातूची रसायनं असू शकतात. शेंगदाणा तेल खवट होतं. कच्चं जवस तेल किंवा मधमाशीचं मेण वापरा. शोभेची वस्तू असेल तर लेबलवर तसं स्पष्ट लिहा. आणि जवस तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा, तेही शेडच्या बाहेर.