आडवा वारा आणि छोटं विमान

सेसना १७२ हे जगभर वैमानिक प्रशिक्षणात वापरलं जाणारं चार आसनी विमान. त्याच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा असतो १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. ही कायदेशीर मर्यादा नव्हे; चाचणीत तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं, इतकाच त्याचा अर्थ. नवशिक्याला मात्र १० नॉटही भारी पडतात.

वारा धावपट्टीशी ३० अंशांत असेल, तर त्याचा निम्माच जोर आडवा लागतो. वैमानिक नाक वाऱ्याकडे वळवून खाली येतो. टेकण्याआधी रडरने, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूने, नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवायचा. आधी त्याच बाजूचं चाक टेकतं. नाक तिरकं राहिलं तर चाकांवर आडवा ताण येतो आणि विमान धावपट्टीबाहेर घसरू शकतं.

खरी गफलत पुढेच होते. चाकं टेकली की ‘उतरलो एकदाचे’ म्हणून हात सैलावतात. पण वेग कमी होईल तसा रडरचा प्रभाव ओसरतो, वारा तोच राहतो आणि पंख उचलू पाहतो. म्हणून विमान थांबेपर्यंत कंट्रोल वाऱ्याकडे वळवलेलाच ठेवायचा. शेपटीला चाक असलेली जुनी विमानं तर अशा वेळी गर्रकन स्वतःभोवती फिरतात. बिनसतंय असं वाटलं, तर पुन्हा उडून घिरटी घ्यावी. त्यात कमीपणा कसला?