जिन्यावरून उतरणारा दाता

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत जेमतेम दीड फूट उंचीचं एक चित्र आहे: 'संत अँथनी आपली संपत्ती गरिबांना वाटताना'. काळ अंदाजे 1430 ते 1435, गाव इटलीतलं सिएना. वसई-गोव्याच्या चर्चमध्ये बाळ येशूला घेऊन उभा असतो तो पदुआचा अँथनी. हा त्याच्या कैक शतकं आधीचा, इजिप्तमधला. आईवडील गेल्यावर हाती आलेली इस्टेट वाटून हा तरुण वाळवंटात निघून गेला. आपल्याकडे तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, त्याच जातीची ही गोष्ट.

चित्रकारानं मात्र वाळवंटातल्या माणसाला सिएनातल्या गुलाबी हवेलीत आणून बसवलंय. एकाच चौकटीत अँथनी दोनदा दिसतो. एकदा घराच्या जिन्यावरून उतरताना आणि पुन्हा खाली, दाराबाहेर, पैसे वाटताना. घोळक्यात एक पांगळा आहे, कुत्र्याच्या आधारानं आलेला आंधळा आहे. दाता वर आणि याचक खाली, अशी मांडणी सोपी होती. इथे देणाऱ्यालाच पायऱ्या उतरायला लावल्यात. मला हे चित्र आवडतं ते यासाठी.

अंड्याच्या बलकात कालवलेले रंग लाकडी फळीवर लावायचे, ही तेव्हाची रीत. हा रंग झटकन वाळतो, म्हणून बारीक रेघांवर रेघा ओढत छटा आणावी लागते. एवढं कसब असलेल्या चित्रकाराचं नाव मात्र पक्कं नाही. सिएनाबाहेरच्या ओस्सेर्वान्झा मठातल्या चित्रावरून त्याला 'ओस्सेर्वान्झाचा उस्ताद' म्हणतात. हा तरुणपणीचा सानो दी पिएत्रोच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

ही फळी एकटी नव्हती. अँथनीच्या आयुष्यावरच्या अशा आठ फळ्या आज माहीत आहेत. चर्चच्या वेदीवर त्या एकत्र मांडलेल्या होत्या. ती मूळ मांडणी मोडली आणि त्या पांगल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या फळीत अँथनी वाटेत दचकून थबकलाय, पण कशाला, ते कळत नाही. तिथे त्याला भुलवायला सोनं रंगवलं होतं. पुढे कोणीतरी ते चित्रातून काढूनच टाकलं!

वॉशिंग्टनमधली फळी सॅम्युएल क्रेस यांच्या संग्रहातून आली. पाच-दहा सेंटांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांच्या साखळीवर हा गृहस्थ गब्बर झाला आणि त्या पैशातून त्यानं इटालियन चित्रं गोळा केली. आठांपैकी चार फळ्या आता या गॅलरीत आहेत, दोन येल विद्यापीठात, एक न्यूयॉर्कला, एक बर्लिनला. वॉशिंग्टनच्या चार बघायला तिकीट लागत नाही.